करड्या कोटातला देवदूत

मृत्युदूताचं वर्णन करताना जुन्या लोकांनी हात आखडता घेतलेला नाही. त्याला हजारो पंख आहेत म्हणतात, आणि जगात जितकी माणसं जिवंत तितके डोळे त्याच्या अंगावर आहेत. एक माणूस गेला की एक डोळा मिटतो. नाव अझ्राईल. तो कुणाला मारत नाही, फक्त न्यायला येतो, आणि भल्या माणसाचा जीव दुधातून केस काढावा इतक्या अलगद काढतो. आता एवढ्या थोर दूताला टीव्हीवर आणायचं म्हणजे खर्च आला. मालिकेच्या निर्मात्याने सुरुवातीला दोन पंख करून घेतले, तेही बदकाच्या पिसांचे. दिव्यांच्या झळीने त्यांना वास सुटला, तेव्हा पंख गेले आणि त्यांच्या जागी एक लांब करडा कोट आला. डोळ्यांचं दोनावरच भागवलं.

तो कोट चढला स्टुडिओतल्या इस्त्रीवाल्याच्या अंगावर. त्याच्या ध्यानीमनी काही नव्हतं. ज्या नटाच्या मापाने कोट शिवला होता त्याला दुसरीकडे बरं काम मिळालं आणि तो आलाच नाही. दिग्दर्शकाने आधी फोन आपटला, मग सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. उंच माणूस एकच होता. तो हातात गरम कोट घेऊन दारात उभा होता, कारण कोट द्यायला आला होता.

"घाल तोच," दिग्दर्शक म्हणाला.

"मी काय करू?"

"काही करू नकोस. पलंगावर म्हातारा मरतोय. तू उशाशी उभा राहा, हातमोजा काढ, हात पुढे कर. चेहऱ्यावर काही आणू नकोस. रोज कपड्यांवर फिरवतोस ना इस्त्री, आज तोंडावर फिरव."

दिग्दर्शकाने थट्टा केली होती. पण इस्त्रीवाला सांगितलेलं काम अक्षरशः करणारा माणूस. त्याने मनातल्या मनात एक पांढरा शर्ट पाटावर पसरला. आधी कॉलर, मग खांद्याची पट्टी, मग कफ, बाह्या, पुढचे दोन पाखे, शेवटी पाठ. शर्ट संपेपर्यंत म्हातारा मरून झाला होता आणि सेटवर कुणी बोलत नव्हतं. असा कोरा चेहरा त्यांनी कधी बघितला नव्हता. दिग्दर्शक पुढे कित्येक वर्षं सांगत फिरला की हा शोध त्याचा. यशाला बाप पुष्कळ असतात, त्यातला हा एक.

मालिका दहा वर्षांहून जास्त चालली. प्रत्येक भागात कुणीतरी जायचं आणि शेवटी करडा कोट यायचा. एक शब्द बोलायचा नाही. लोकांना तो आवडला की त्यांना त्याची भीती वाटली हे त्यांचं त्यांनाच ठाऊक, पण त्याची चित्रं शर्टांवर आली, फोनवर पाठवायचे स्टिकर आले, किल्लीला लावायचा दोन बोटं उंचीचा रबरी दूत आला, त्याचा हातमोजा निघायचा. मुलांच्या एका खेळात तो शेवटच्या पायरीवर उभा असायचा आणि त्याला गोळ्या घालता यायच्या. मालिकेवर सल्लागार म्हणून एक वृद्ध धर्मपंडित नेमले होते. ते दर वेळी कळवळून म्हणायचे, "अहो, सृष्टीच्या सुरुवातीपासूनचा दूत आहे तो. तुम्ही त्याला रेनकोट घातलात." त्यांना चहा द्यायचे आणि पुढचा भाग काढायचे.

एवढं सगळं होऊन इस्त्रीवाला इस्त्रीवालाच राहिला. सकाळी कपडे, दुपारी मरण. गल्लीत मात्र लोकांची वागणूक बदलली. बेकरीवाला ब्रेड हातात न देता काउंटरवर ठेवू लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात म्हातारा आजारी पडला तर सून दार उघडून आधी जिन्यात डोकावायची, हा नाही ना. पोरं त्याला हात लावून पळायची पैज लावत. टीव्हीवरची माणसं खरी नसतात हे लहान मूलही सांगेल, आणि तरी शिकलीसवरलेली माणसं त्याच्याशी हस्तांदोलन टाळत. माणसाला जे माहीत असतं त्यावर त्याचा विश्वास असतोच असं नाही.

घाबरत नव्हती ती एक त्याची बायको. शाळेच्या बसवर मुलांना चढवायचं-उतरवायचं तिचं काम, त्यामुळे आवाज खणखणीत आणि तोंडाला कुलूप नाही. "अहो मृत्युदूत," ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "हा नळ रडतोय सकाळपासून. ह्याला न्या बघू आधी." नवरा पाना घेऊन नळापाशी बसला की शेजारी उभी राहून हसायची. शर्टाची युक्ती तिला एकटीला ठाऊक होती. भांडण झालं आणि त्याचा चेहरा सपाट झाला की ती विचारायची, "कुठवर आलात? कॉलर झाली का?" मग त्याला हसू आवरायचं नाही. बाहेर कोरा वाटणारा हा माणूस घरात हसायचा तो असा.

मग ती आजारी पडली. आधी थकवा, मग पाय सुजणं, मग तपासण्यांवर तपासण्या. एका खोलीत डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं आणि फार काळ नाही असं सांगितलं. डॉक्टर पुढेही बोलत होते. इस्त्रीवाल्याला त्यातलं काही ऐकू आलं नाही, कारण त्याच्या मनात शर्ट पसरला गेला होता. त्याने तो पसरला नव्हता. तो आपोआप आला होता, स्वच्छ पांढरा, किंचित ओला. त्याला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर छातीत काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. तो कॉलर दाबत राहिला.

बाहेर आल्यावर बायकोने त्याच्याकडे निरखून बघितलं. "कुठवर आलात?"

"बाह्या," तो म्हणाला.

ती हसली नाही. भिंतीशी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "हे बघा, मला तुमच्याकडून एकच पाहिजे. इतकी वर्षं परक्या माणसांच्या उशाशी उभे राहिलात. माझ्या वेळेला माझ्या उशाशी उभे राहा. कोट नको, काही नको. आणि इस्त्री बंद ठेवा तेवढी. तुमचा चेहरा बघून जायचंय मला."

"राहीन," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

बायकांच्या वॉर्डात सहा खाटा होत्या आणि भिंतीवर उंच, सगळ्यांना दिसेल असा टीव्ही. संध्याकाळी नवा भाग, दुपारी जुना. पहिल्याच दिवशी तो डबा घेऊन आत शिरला आणि दारापाशी निजलेल्या बाईने किंकाळी फोडली. दुसरीने तोंडावर चादर ओढली. तिसरीचा मुलगा उठून उभा राहिला, जणू हाताने अडवणार होता. इस्त्रीवाला डबा धरून तसाच उभा. त्याचा चेहरा, सवयीने, कोरा झाला, आणि त्यामुळे सगळं आणखी बिघडलं.

मोठ्या सिस्टर त्याला बाजूला घेऊन गेल्या. बाई प्रेमळ होत्या, पण वॉर्ड चालवायचा होता. "काका, रागावू नका. मला कळतंय हा वेडेपणा आहे. पण ह्या बायका आधीच घाबरलेल्या आहेत. तुम्ही तोंडाला मास्क लावा, डोक्यावर टोपी घाला, आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून बसत जा."

तसं सुरू झालं. तो मास्क लावून मान खाली घालून यायचा आणि पडद्याआड बसायचा. बायको म्हणायची, "स्वतःच्या बायकोला चोरासारखे भेटायला येताय." ती सूप पिता पिता बसमधल्या मुलांच्या गोष्टी सांगायची आणि दमली की डोळे मिटायची. तो तिचा हात धरून बसायचा. हात धरल्यावर काय वाटायला पाहिजे ते त्याला ठाऊक होतं. ते वाटत नव्हतं. हाताचं वजन कळायचं, ऊब कळायची, आणि त्यापुढे मध्ये काच असावी तसं सगळं थांबायचं.

मुलगी परगावाहून आली. ती लग्न होऊन लांब राहत होती आणि तिकडूनच रडत आली होती. आईच्या गळ्यात पडून रडली, मग बापाकडे वळली, आणि त्याचं तोंड बघून थबकली. जिन्यात नवऱ्याशी फोनवर बोलताना ती जे म्हणाली ते वरच्या पायरीवर त्याला ऐकू आलं. "बाबांना काही वाटतच नाही रे. तोच चेहरा, टीव्हीवरचा." त्याला वाटलं खाली जाऊन सांगावं की खरंच वाटत नाहीये, आणि मलाही त्याची भीती वाटतेय. पण एवढं बोलायचं म्हणजे आधी कुठून सुरू करायचं ते त्याला समजेना.

वॉर्डातल्या खिडकीपाशी एक आजी होत्या. त्यांना भेटायला कुणी येत नसे. दुखणं जुनं आणि चिवट. एके दिवशी मोठ्या सिस्टर पडदा बाजूला करून संकोचाने आत आल्या. "काका, खिडकीतल्या आजी म्हणतायत, त्यांना माहीत आहे तुम्ही कोण ते. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या घाबरत नाहीत. म्हणतायत, दोन मिनिटं येऊन हात धराल का?"

"मी?" तो म्हणाला. "मी इस्त्री करतो हो सिस्टर."

"मी सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, असू दे."

त्याने बायकोकडे बघितलं. "जा ना," ती म्हणाली. "म्हातारीचा जीव रमतोय तर तुमचं काय जातंय?"

तो गेला. आजींनी त्याला मास्क काढायला लावला, चेहरा नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "टीव्हीत जाड दिसतोस." मग त्याचा हात आपल्या सुरकुतलेल्या हातात घेतला आणि डोळे मिटले. त्याने शर्ट पसरला. पाठीपर्यंत आला तेव्हा आजींना झोप लागली होती. कित्येक दिवसांनी न कण्हता झोपल्या, असं सिस्टर म्हणाल्या. आजी काही त्या दिवशी गेल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध जास्त मागितलं.

पण बातमी पसरली. भीतीचं असं असतं की ती उलटली की माणूस त्याच गोष्टीला मिठी मारतो. जी बाई किंचाळली होती तिने मुलामार्फत निरोप पाठवला. मग समोरच्या वॉर्डातून, मग खालच्या मजल्यावरून. नातेवाईक जिन्यात हात जोडून उभे राहायचे. "बाबांना खूप त्रास होतोय हो. तुम्ही नुसते उभे राहिलात तर सुटतील." कुणी म्हणायचं वाचतील. सुटणं आणि वाचणं ह्यातलं काय हवंय हे सुद्धा पुष्कळांचं ठरलेलं नसायचं. आला कपडा परत पाठवायचा नाही, अशी इस्त्रीवाल्याची आयुष्यभराची सवय. तो जायचा, हात धरायचा, शर्ट करायचा, परत यायचा.

"माझ्यापेक्षा तुम्हालाच पाहुणे जास्त," बायको म्हणाली. तेव्हा तिचा आवाज खाली आला होता. बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आता उशीपलीकडे जात नव्हता. "लक्षात आहे ना?"

"आहे."

"नाहीतर गावभर फिराल आणि मी इथे."

"इथेच असतो मी."

आणि तो असायचाच. घरी जाणं त्याने जवळजवळ सोडलं होतं. स्टुडिओत सांगून कोट दुसऱ्याला दिला होता. खाटेशेजारच्या खुर्चीत पाठ अवघडून यायची, पण ते दुखणंही कुणा दुसऱ्याचं असावं तसं लांबून जाणवायचं.

एका दुपारी ती झोपली होती. श्वास उथळ होता, पण तसा तो आधीही होऊन गेला होता. मुलगी पायथ्याशी बसून आईच्या पावलांना तेल लावत होती. मोठ्या सिस्टर आल्या. खालच्या पुरुषांच्या वॉर्डात एक गवंडी होता, फुप्फुसं सिमेंटने गेलेली. फार तडफडतोय, त्याची बायको पायऱ्यांवर बसून राहिली आहे, दोन मिनिटं याल का.

इस्त्रीवाला उठला नाही. त्याने मुलीकडे बघितलं.

"जा ना," मुलगी मान वर न करता म्हणाली. "मी आहे इथे. तुम्ही असलात काय आणि नसलात काय."

हे त्याला लागायला हवं होतं. तो उठला आणि गेला.

गवंड्याचा पंजा खरखरीत होता आणि त्यात अजून जोर होता. त्याने इस्त्रीवाल्याचा हात असा पकडला की सोडवता येईना. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडीचं काय होतं ते कुणी विचारत नाही. गवंड्याची बायको पदराने तोंड दाबून उभी राहिली. इस्त्रीवाल्याने शर्ट पसरला. तो झाला, हात सुटला नाही. दुसरा पसरला. गवंड्याचा श्वास हळूहळू सरळ होत गेला. तिसऱ्या शर्टाच्या कफाशी असताना त्याला दाराकडे कुणीतरी आल्यासारखं वाटलं, पण शर्ट अर्धा टाकायचा नाही म्हणून त्याने मान वळवली नाही.

दारात वॉर्डातल्या मावशी होत्या. त्यांना मुलीने धाडलं होतं. "पळत जा, बाबांना बोलवा, आईचं काहीतरी होतंय." मावशी पळत आल्याही. जिना दमछाक होत उतरल्या, दाराशी आल्या आणि आत बघितलं. करड्या कोटाशिवायचा पण तोच चेहरा, तीच उभं राहण्याची तऱ्हा, पलंगावरच्या माणसाचा हात हातात. मावशी रोज संध्याकाळी ती मालिका बघत. असं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, बोललं तर अर्ध्यात अडकतो जीव, असं त्यांना वाटलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या धर्मात लिहिलेलं नव्हतं. त्या हात जोडून, डोकं झुकवून, दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि त्याचं काम संपायची वाट बघत राहिल्या.

गवंड्याचा हात सैल पडला तेव्हा तो झोपला होता, गेला नव्हता. इस्त्रीवाला वळला. मावशींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वर बोलावलंय तुम्हाला. तुमच्या मंडळींसाठी."

"कधी?"

मावशींना तेव्हा समजलं की आपण काय करून बसलो, आणि त्या मटकन खाली बसल्या.

तो जिना चढला. पळाला नाही, कारण पळण्यासारखं काही उरलेलं नाही हे त्याच्या पायांना आधी कळलं. वॉर्डात पडदा उघडा होता. सिस्टरांनी तिच्या हनुवटीपर्यंत चादर नीट केली होती. कुणीतरी टीव्ही बंद केला होता. खिडकीतल्या आजी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. तो उशाशी जाऊन उभा राहिला, जिथे उभं राहायचं कबूल केलं होतं तिथेच. शर्ट आला नाही. शर्ट आला नाही आणि दुसरंही काही आलं नाही. मन नुसता रिकामा पाट होऊन पडलं होतं. तिच्या केसांची एक बट कपाळावर आली होती ती त्याने मागे सारली. तो उशिरा आला होता, आणि ह्या एका गोष्टीला आता जगात कुठेच उपाय नव्हता, एवढं त्याला स्पष्ट समजत होतं.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तो शेजारी जाऊन बसला. ती चिडेल, ओरडेल, असं त्याला वाटलं आणि त्याने त्याची वाट पाहिली. पण ती ओरडली नाही. तिने त्याच्या बाहीला धरलं.

"बाबा, मी मघाशी बोलले ते बोलायला नको होतं."

"असू दे."

"तुम्ही नव्हतात, पण तिला ते कळलं नाही. खरंच." ती हुंदका गिळून घाईघाईने बोलू लागली. "शेवटी तिने डोळे उघडले. इकडेतिकडे बघायला लागली, तुम्हालाच शोधत होती. मी म्हटलं येतायत, येतायत. वर टीव्हीवर दुपारचा भाग चालू होता. त्यात तुम्ही आलात. उशाशी उभे राहिलात. तिने बघितलं आणि माझा हात दाबला. म्हणाली, 'आले बघ. म्हटलं होतं ना, येतील.' मग गेली. हसल्यासारखं तोंड होतं तिचं. तुम्ही आलात असंच वाटलं तिला, बाबा."

त्याने बाहीवरचा तिचा हात धरला.

"कोणता भाग होता?"

मुलीने त्याच्याकडे बघितलं. असल्या वेळी हे विचारतात का, असं तिच्या डोळ्यांत आलं, पण तिने उत्तर दिलं. "होडीवाल्याचा. खिडकीबाहेर त्याची होडी दिसते तो."

"पाठमोरा होतो का मी?"

"हो. तोंड दिसलंच नाही. कोट आणि हात फक्त. पण आईने ओळखलं ना."

होडीवाल्याच्या भागाच्या वेळी इस्त्रीवाला तापाने फणफणला होता. दिग्दर्शकाने दिवे लावणाऱ्या माणसाला कोट चढवून कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं होतं आणि वेळ मारून नेली होती. ते चित्रण चाललं होतं तेव्हा इस्त्रीवाला घरी पांघरुणात होता, आणि बसच्या कामावर खाडा करून ती त्याच्या उशाशी बसली होती, कपाळावरची ओली पट्टी पुन्हा पुन्हा बदलत.

मुलगी त्याच्याकडे बघत होती.

"मीच होतो तो," तो म्हणाला.